पोटगी आणि प्रकटन : उत्पन्नाच्या शपथपत्राची भाषा

विवाह तुटल्यावर, अथवा तुटण्याच्या वाटेवर असता, पत्नीने व मुलांनी कशावर जगावयाचे या प्रश्नाच्या उत्तराला भारतीय भाषांनी जी नावे दिली आहेत ती एकत्र मांडून पाहण्याजोगी आहेत. मराठीत ‘पोटगी’, हिंदीत ‘गुजारा’ किंवा ‘भरण-पोषण’, उर्दूत ‘नान-नफका’, ज्यातील पहिला शब्द भाकरीचा आहे, बंगालीत ‘खोरपोश’, म्हणजे खुराक आणि पोशाख, मराठीतील जुन्या ‘अन्नवस्त्रा’चा जुळा भाऊच, कन्नड, तमिळ व मलयाळम या भाषांत किंचित उच्चारभेदाने ‘जीवनांश’, तेलुगूत ‘मनोवर्ती’. या शब्दांच्या घडणीत एक साम्य आहे. घेणाऱ्या व्यक्तीची गरज, आणि तीही बहुतेक ठिकाणी पोटाची व अंगावरच्या वस्त्राची, हे शब्द सांगतात. देणाऱ्याजवळ काय आहे याविषयी ते काही बोलत नाहीत. दाक्षिणात्य भाषांतील ‘जीवनांश’ या शब्दात ‘अंश’ आहे हे खरे. परंतु कशाचा अंश, हे तोही सांगत नाही.

भाषेतील हे मौन केवळ भाषेतले नाही. पोटगीचा हक्क या देशाच्या विधिपरंपरेला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तो हक्क ज्या आकड्यावर उभा राहावयाचा तो आकडा कोणी सांगावयाचा, कोणत्या शब्दांत सांगावयाचा आणि खोटा सांगितल्यास काय व्हावयाचे, या प्रश्नांची सर्व देशाला लागू होणारी मांडणी मात्र २०२० सालापर्यंत झालेली नव्हती. त्या वर्षी ४ नोव्हेंबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या प्रकरणात दिलेल्या निर्णयाने मत्ता व दायित्वे यांच्या प्रकटनाचे शपथपत्र पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात उभय पक्षांवर बंधनकारक केले. विधिज्ञांनी या निर्णयाची चर्चा पुष्कळ केली आहे. भाषा व साहित्य यांच्या अभ्यासकांचे लक्ष त्याकडे फारसे गेलेले नाही. वस्तुतः तो निर्णय एका नव्या लेखनप्रकाराला सार्वत्रिक रूप देणारा आहे.

प्रश्न किती जुना आहे याची साक्ष याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात मिळते. आज्ञेत वागणाऱ्या, दक्ष, पुत्रवती व प्रियभाषिणी पत्नीचा त्याग करणाऱ्या पुरुषाकडून तिला त्याच्या धनाचा तिसरा हिस्सा देववावा, आणि तो निर्धन असल्यास भरणपोषण देववावे, असा नियम तेथे आहे. पत्नीच्या अंगी कोणकोणते गुण असले पाहिजेत याची यादी स्मृतिकाराने तत्परतेने दिली आहे, हे आजच्या वाचकाच्या नजरेतून सुटणार नाही. तथापि नियमाची रचना मोठी सूचक आहे. तिसरा हिस्सा ही गणिताची भाषा झाली, आणि गणिताला एकूण रक्कम हवी. पती धनवान की निर्धन, यावर हिस्सा मिळणार की केवळ भरण, हे ठरणार. म्हणजे त्याच्या धनाची मोजदाद हा या नियमाचा कणाच होय. परंतु ती मोजदाद कोणी करावी, पतीने काही दडविल्यास काय, हे तो श्लोक सांगत नाही. ज्या समाजात कुटुंबाची मालमत्ता गावाच्या डोळ्यांसमोर शेतात व गोठ्यात उभी असे, तेथे कदाचित ते सांगण्याची निकड वाटली नसेल.

इंग्रजी अमदानीतील फौजदारी संहितेने हा प्रश्न वेगळ्या रीतीने टाळला. १८९८ च्या संहितेतील ४८८ व्या कलमानुसार दंडाधिकारी पत्नीला व मुलांना दरमहा पोटगी देववू शकत असे, पण तिला एकंदर पन्नास रुपयांची कमाल मर्यादा होती. पुढे ही मर्यादा वाढत गेली आणि १९७३ च्या संहितेतील १२५ व्या कलमात ती पाचशे रुपये होती. या कलमाचा हेतू निराधार व्यक्तीला रस्त्यावर येऊ न देणे एवढाच होता. मर्यादा जेथे इतकी खाली असते तेथे पतीचे खरे उत्पन्न हजार की दहा हजार, हा शोध जवळजवळ निरर्थक ठरतो. मर्यादेने आकड्याचा प्रश्न सोडविला नाही, तो अनावश्यक ठरविला.

याचे सर्वांत बोलके उदाहरण एका अशा खटल्यात सापडते, जो वेगळ्याच कारणांनी गाजला. शहाबानो यांनी इंदूरच्या दंडाधिकाऱ्यापुढे १९७८ मध्ये दरमहा पाचशे रुपये मागितले होते. पती वकील होता, आणि त्याचे वार्षिक उत्पन्न साठ हजारांच्या घरात आहे असे तिचे म्हणणे होते. दंडाधिकाऱ्याने १९७९ च्या ऑगस्टमध्ये दरमहा पंचवीस रुपये मंजूर केले. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने १९८० मध्ये ती रक्कम १७९ रुपये २० पैसे केली. २३ एप्रिल १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने पतीचे अपील फेटाळले, आणि त्यानंतर देशभर जो वाद पेटला तो धर्म व विधी यांच्या संबंधाचा होता. त्या गदारोळात साठ हजारांचे काय झाले हे विचारावयास कोणी थांबले नाही. त्या वीस पैशांचा हिशेबही सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रातून उलगडत नाही. तिने आकडा सांगितला होता. पण तो ‘तिचे म्हणणे’ होता. पतीने आपल्या उत्पन्नाचे विवरण शपथेवर, ठरलेल्या रकान्यांत, कागदपत्रांसह मांडलेच पाहिजे, असा नियम त्या वेळी नव्हता.

२००१ मध्ये पाचशे रुपयांची मर्यादा रद्द झाली. त्या दुरुस्तीचे महत्त्व रक्कम वाढण्यापुरते नाही. मर्यादा गेली आणि पतीचे उत्पन्न किती हा प्रश्न पहिल्यांदाच सर्व प्रकरणांत निर्णायक झाला. हिंदू विवाह अधिनियमाची चोविसावी व पंचविसावी कलमे १९५५ पासून उभयतांचे उत्पन्न विचारात घ्यावे असे सांगतच होती. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविषयक अधिनियमाने त्यात आणखी एक मार्ग जोडला. हक्कांचे मार्ग असे वाढत गेले. माहितीचा मार्ग मात्र एकच राहिला : अर्जदार स्त्रीने अंदाज बांधावा, आणि पतीने तो नाकारावा.

या जुन्या पद्धतीतील अर्ज व कैफियती ज्यांनी वाचल्या असतील त्यांना त्यांची ठरीव शैली ठाऊक आहे. अर्जात ‘सामनेवाल्याचे मोठे दुकान असून त्यास सर्व खर्च वजा जाता दरमहा लाखभर मिळतात’, आणि जबाबात ‘सदर दुकान वडिलांचे असून सामनेवाला तेथे नोकराप्रमाणे राबतो’. एका बाजूला अतिशयोक्ती, दुसऱ्या बाजूला न्यूनोक्ती. दोन्ही पक्ष असत्यच बोलतात असे नव्हे. ज्या स्त्रीला घरात महिन्याचा खर्च मोजून दिला जात होता, बँकेचे पुस्तक कधी दाखविले गेले नव्हते, तिला अंदाजावाचून गत्यंतर नसते. आणि आपला अंदाज निम्म्यावर कापला जाणार हे तिच्या वकिलाला ठाऊक असल्याने तो आधीच दुप्पट लिहिला जातो. न्यायाधीश मग दोन टोकांच्या मधला एखादा आकडा उचलतो. पगारदार पतीचा आकडा निदान कार्यालयातून मिळू शके. व्यापारी, कंत्राटदार, शेतकरी, एकत्र कुटुंबातील धाकटा भाऊ यांच्या बाबतीत तेही नव्हते.

कायद्यात मुळीच साधन नव्हते असे म्हणता येणार नाही. जी गोष्ट विशेषेकरून ज्याच्या माहितीतील आहे ती सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर, हे तत्त्व १८७२ च्या पुरावा अधिनियमात होते, आणि त्याची जागा घेणाऱ्या, १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते टिकून आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेत प्रश्नावली देऊन उत्तरे मागण्याची व दस्तऐवज हजर करावयास लावण्याची तरतूद १९०८ पासून आहे. पण ही साधने वापरावयाची तर प्रत्येकासाठी वेगळा अर्ज, वेगळी तारीख, वेगळा युक्तिवाद. आणि ज्या बाईला या महिन्याच्या भाड्याची विवंचना आहे तिच्यासाठी तारीख हीच सर्वांत महाग वस्तू असते. काहींनी माहितीच्या अधिकाराचा दरवाजा ठोठावून पाहिला. प्राप्तिकराची विवरणपत्रे ही व्यक्तिगत माहिती होय, व्यापक लोकहित दाखविल्याशिवाय ती देता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये म्हटले होते; तरीही केंद्रीय माहिती आयोगाने २०२० मध्ये एका पत्नीला पतीच्या करपात्र उत्पन्नाचा निदान ढोबळ आकडा द्यावा असा आदेश दिला. एकाच चुलीवर जेवलेल्या दोन माणसांना एकमेकांची मिळकत कळण्यासाठी आयोगापर्यंत जावे लागावे, यात त्या पद्धतीचे अपयश पुरेसे स्पष्ट होते.

शपथपत्राची कल्पना प्रथम दिल्ली उच्च न्यायालयात रुजली. तेथील निर्णयांच्या मालिकेत प्रश्नांची यादी हळूहळू विस्तारत गेली आणि ‘कुसुम शर्मा’ प्रकरणातील आदेशांनी तिला तपशीलवार नमुन्याचे रूप दिले. सर्वोच्च न्यायालयापुढे आलेले प्रकरण महाराष्ट्रातले होते. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात २०१३ मध्ये पत्नीने स्वतःसाठी व तान्ह्या मुलासाठी अंतरिम पोटगी मागितली. २०१५ मध्ये तिला दरमहा १५,००० रुपये, व मुलाला आधी ५,००० आणि त्या वर्षीच्या सप्टेंबरपासून १०,००० रुपये देवविण्यात आले. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो आदेश कायम केला. आणि अंतिम शब्द पडला तो २०२० च्या नोव्हेंबरात. ‘अंतरिम’ या शब्दाचा अर्थ मधल्या काळापुरते असा होतो. येथे तो मधला काळ सात वर्षांचा झाला, आणि अर्जाच्या वेळी मांडीवर असलेले मूल शाळेत जाऊ लागले होते.

न्या. इंदू मल्होत्रा व न्या. सुभाष रेड्डी यांच्या पीठाने या प्रकरणाचे निमित्त करून देशभरच्या न्यायालयांसाठी निर्देश दिले. अर्जासोबत अर्जदाराचे शपथपत्र; त्यानंतर फार तर चार आठवड्यांत सामनेवाल्याचे उत्तर व शपथपत्र; मुदतवाढीच्या संधी दोनांहून अधिक नाहीत; टाळाटाळ हेतुपुरस्सर दिसल्यास बचाव काढून टाकण्याचा अधिकार; शपथपत्रे आल्यावर चार ते सहा महिन्यांत अंतरिम पोटगीचा निर्णय; आणि पोटगी आदेशाच्या नव्हे तर अर्जाच्या तारखेपासून. शपथपत्रात खोटे आढळल्यास खोट्या साक्षीची व न्यायालयाच्या अवमानाची कारवाई. यांतील अर्जाच्या तारखेचा नियम दिसतो त्याहून मोठा आहे. पूर्वी प्रकरण लांबविणाऱ्याचा प्रत्येक महिना त्याच्या फायद्याचा असे. आता तो थकबाकीत जमा होतो.

निर्णयाला जोडलेले नमुने हा या विषयाचा सर्वांत वाचनीय भाग आहे. बिगरशेती व्यवसायाच्या व्यक्तींसाठीच्या नमुन्यात वय, शिक्षण, राहणीमान, इतर खटले, अवलंबून असलेली माणसे, आजारपणे, मुले, उत्पन्न, स्थावर-जंगम मत्ता, कर्जे असे रकाने ओळीने येतात. ही सारी माहिती प्रथमपुरुषी, पण ज्याला विधिभाषेत ‘अभिसाक्षी’ म्हणतात त्याच्या तोंडून, सहीनिशी यावयाची असते. माणसाचे आयुष्य इतक्या कोरडेपणाने आणि तरीही इतक्या बारकाईने मांडावयास लावणारा दुसरा गद्यप्रकार सहसा आढळत नाही. आत्मचरित्रकाराला काय वगळावे याचे स्वातंत्र्य असते, आणि त्याच्या वगळण्यालाही समीक्षक अर्थ लावीत बसतो. येथे वगळणे हाच अपराध ठरू शकतो. हे बंधन दोघांवर सारखेच आहे याकडेही लक्ष वेधावयास हवे. नोकरी करीत असता ती नाही असे सांगणारी पत्नीही या शपथेच्या कक्षेत येते, आणि तशा तक्रारी पतींकडून होतच असत.

एका रकान्यात मात्र जुन्या कैफियतीची शैली शिल्लक राहिली आहे. विरुद्ध पक्षाच्या उत्पन्नाबद्दल व मत्तेबद्दल जे ठाऊक असेल ते लिहावे, असे तो सांगतो. अंदाजाची भाषा तेथे पुन्हा प्रवेश करते. परंतु तिचे स्थान बदललेले आहे : आता ती समोरच्या माणसाच्या शपथेशेजारी ठेवून वाचली जाते, आणि दोहोंतील तफावत ही उलटतपासणीची सामग्री होते.

शेतकऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे, आणि भारतीय भाषांच्या अभ्यासकाने खरे तर तोच आधी पाहावा. ग्रामीण जमिनीचे एकूण क्षेत्र अथवा त्यातील हिस्सा, मालकी दाखविणारी ‘जमाबंदी’ व फेरफार, जमीन ओलिताची की कोरडवाहू, पिके कोणती, गेल्या तीन वर्षांचे उत्पन्न, ‘बटाई’ने घेतलेली जमीन, म्हशी, गाई, शेळ्या, कोंबड्या, मासे, मधमाश्या यांची संख्या व मिळकत, जमिनीवरचे कर्ज. इंग्रजीत लिहिलेल्या या नमुन्यात ‘जमाबंदी’ आणि ‘बटाई’ हे दोन देशी शब्द तसेच ठेवले आहेत, आणि ते उत्तरेकडचे आहेत. पंजाब-हरयाणात जमाबंदी म्हणजे गावचा हक्कनोंदीचा कागद. महाराष्ट्रात तो शब्द महसुलाच्या आकारणीशी व त्या खात्याशी निगडित आहे. ज्या कागदावर शेतकऱ्याची मालकी, पीकपाणी आणि बोजा एकत्र दिसतो त्याला येथे सातबारा म्हणतात, आणि खातेदाराच्या नावची एकूण जमीन पाहावयाची तर आठ-अ चा उतारा लागतो. बटाईने दिलेली जमीन मराठवाड्या-विदर्भात त्याच नावाने ओळखली जाईल. पश्चिम महाराष्ट्रात ‘अर्धलीने’ किंवा ‘वाट्याने’ म्हटल्याशिवाय उत्तर मिळणार नाही.

हा केवळ शब्दकोशाचा प्रश्न नाही. तालुक्याच्या न्यायालयात मराठीतून चालणाऱ्या प्रकरणात हा नमुना जेव्हा शब्दशः उतरविला जातो तेव्हा ‘जमाबंदी नाही’ असे उत्तर देणारा शेतकरी अक्षरशः खोटे बोलत नाही, आणि तरीही त्याची आठ एकर बागायत शपथपत्राबाहेर राहू शकते. वाट्याने केलेल्या शेतीची नोंद तर पुष्कळदा कोणत्याच कागदावर नसते. ती विचारावयाची तर गावात ज्या शब्दाने तिचा व्यवहार होतो तोच शब्द प्रश्नात हवा. एकत्र कुटुंबाच्या सातबाऱ्यावर बापाचे व चुलत्यांचे नाव आणि कसणारा मात्र मुलगा, ही स्थिती सर्वत्र आढळते. ‘आपल्या मालकीची जमीन’ असे विचारले की त्याचे उत्तर शून्य येते. मूळ नमुन्यात ‘विशिष्ट हिस्सा’ असे शब्द आहेत. भाषांतरात ते निसटले तर सुनेच्या पोटगीचा पाया निसटतो. प्रकटनाचा नियम एका भाषेत घडतो आणि त्याचे पालन दहा-बारा भाषांत होते. मधल्या अंतरात जे हरवते त्याची किंमत अर्जदार मोजते.

मेघालयासाठी तिसरा नमुना स्वतंत्र आहे. खासी व गारो समाजांत वंश मातेकडून मोजला जातो, आणि खासींमध्ये वडिलोपार्जित मालमत्ता सामान्यतः धाकट्या मुलीकडे राहते. मत्ता पतीच्या हाती व गरज पत्नीच्या पदरी, हे पहिल्या दोन नमुन्यांचे अव्यक्त गृहीतक तेथे टिकत नाही. ‘पोटगी’पासून ‘खोरपोश’पर्यंतचे सारे शब्दही त्याच गृहीतकावर उभे आहेत, हे या तिसऱ्या नमुन्यामुळे उमगते.

मुलांच्या बाबतीत शपथपत्र बऱ्याच अंशी थेट बोलते. त्यांची संख्या व वये, ताबा कोणाकडे, शाळेचे शुल्क कोण भरतो, वैद्यकीय खर्च किती, विभक्त झाल्यापासून दुसऱ्या पालकाने काय दिले. न्यायालयाने मुलाच्या खर्चात अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार व शिक्षण यांचा समावेश केला आहे. शिक्षणाचा भार सामान्यतः पित्यावर, आणि माताही पुरेसे मिळवीत असल्यास दोघांच्या उत्पन्नाच्या प्रमाणात. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमाने अपत्याच्या निर्वाहाचे बंधन आई व बाप दोघांवर टाकलेच होते. ‘प्रमाणात’ हा शब्द मात्र दोन्ही आकडे खरे असल्याखेरीज निरर्थक राहतो. येथे प्रकटनाला आणखी एक अर्थ येतो : मूल कोणत्याही बाजूचा पक्षकार म्हणून बोलत नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंनी दडविलेला पैसा प्रथम त्याच्याच ताटातून जातो.

नियम झाला म्हणजे पालन झाले असे नव्हे. २०२३ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाला एका मुलीच्या पोटगीच्या प्रकरणात हे निदर्शनास आणावे लागले की खालील न्यायालयांत शपथपत्रे न मागताच आदेश होत आहेत, आणि निर्णयाची प्रत देशभर पुन्हा पाठवावी लागली. जुन्या १२५ व्या कलमाची जागा २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमाने घेतली आहे. प्रकटनाची पद्धत मात्र संहितेच्या मजकुरात नाही, ती न्यायालयाच्या निर्देशांतच आहे.

त्याहून मोठी मर्यादा वेगळीच आहे. इतक्या बारकाईने मोजलेली ही मत्ता मोजून झाल्यावर वाटली जात नाही. देशाच्या बहुतांश भागात विवाहकाळात मिळविलेल्या मालमत्तेत पत्नीला पत्नी म्हणून हिस्सा नाही. शपथपत्रातील घर, शेत व ठेवी यांचा उपयोग महिन्याची रक्कम ठरविण्यापुरता. पतीच्या स्थावर मालमत्तेत पत्नीला वाटा देऊ पाहणारे विवाहविधी दुरुस्ती विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत संमत झाले, पण लोकसभेचा काळ संपल्याने ते बारगळले. अपवाद गोव्याचा. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या वारशाने तेथे, विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसल्यास, पतिपत्नींची मत्ता समाईक होते, आणि घटस्फोटानंतर तिची यादी करून निम्मेनिम्मे वाटप करण्याची कार्यवाही असते. २०१२ च्या राज्य अधिनियमाने ती चालू ठेवली आहे. तेथे यादी देणारा स्वतःची मिळकत ‘उघड’ करीत नसतो, दोघांची मिळकत मोजून देत असतो. बाकीच्या भारतात हेच रकाने भरले जातात ते एकाची मालकी मान्य करून. आणि सावंतवाडीच्या न्यायालयातील सून व पेडण्याच्या न्यायालयातील सून, एकच बोली बोलत असूनही, त्या एकाच यादीच्या खाली दोन वेगळ्या बेरजा लिहितात.